लवकर पोहोचलात तर दंड!

मोटारींच्या शर्यतीत लवकर पोहोचणाऱ्याला काय मिळते? बक्षीस, असेच कोणीही सांगेल. पण मोटार रॅली नावाच्या खेळात एक नियम असा आहे की, तो ऐकून आमच्या वर्गातली मुले आधी हसली आणि मग गप्प झाली. रॅलीत प्रत्येक गाडीने कोणत्या ठाण्यावर किती वाजून किती मिनिटांनी हजर व्हायचे, ते आधीच ठरवून दिलेले असते. तेथे एक मिनिट उशिरा पोहोचलात तर दहा सेकंदांचा दंड. आणि एक मिनिट लवकर पोहोचलात तर? पूर्ण साठ सेकंदांचा! म्हणजे उशीर करणाऱ्यापेक्षा घाई करणाऱ्याला सहापट शिक्षा. ज्या खेळात जिंकणे-हरणे कधी कधी एका सेकंदापेक्षाही कमी अंतराने ठरते, त्या खेळात साठ सेकंद म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणीच.

आपल्या घरांतली मुले मोबाईलवर धुरळा उडवत, हवेत झेपावत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ तासन् तास पाहतात. अम्मी ओरडते, अब्बा मोबाईल काढून घेतात आणि विषय तेथेच संपतो. आम्ही पालकांना सांगतो की, काढून घेण्याआधी एकदा मुलाशेजारी बसून तुम्हीही पाहा. कारण ज्या खेळाला आपण नुसता वेडा वेग समजतो, तो खेळ नियम, पूर्वतयारी आणि दुसऱ्याचे ऐकण्याची सवय यांवर उभा आहे. आणि हे समजायला परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही. आपल्याच देशातल्या एका चालकाने २०१६ साली एका मोसमात जे करून दाखवले, तेच पाहू या.

सहा देश, सहा रॅली

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, ही संस्था जागतिक रॅली स्पर्धेबरोबरच वेगवेगळ्या प्रदेशांसाठी स्वतंत्र अजिंक्यपद मालिका चालवते. युरोपची वेगळी, आफ्रिकेची वेगळी, मध्यपूर्वेची वेगळी. आपल्या बाजूची मालिका म्हणजे आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद. ती १९८८ साली सुरू झाली. पहिला मान जपानच्या काझुओ शिनोझुका यांना मिळाला. १९९० साली स्पेनचे कार्लोस साइन्झ यांनी ती जिंकली. मलेशियाचे करमजित सिंग यांनी आपल्या देशात बनलेल्या प्रोटॉन गाडीतून २००१, २००२ आणि २००४ अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. भारताचे नाव त्या यादीत यायला २०१३ साल उजाडले. त्या वर्षी दिल्लीचे गौरव गिल हे मालिका जिंकणारे पहिले भारतीय ठरले.

२०१६ साली मात्र त्यांनी त्याहून मोठी कामगिरी केली. त्या मोसमात न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, मलेशिया, जपान, चीन आणि भारत अशा सहा देशांत सहा रॅली झाल्या. सहाही गिल यांनी जिंकल्या. प्रत्येक रॅलीत जिंकणाऱ्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, अशा हिशेबाने वर्षभराचा विजेता ठरतो. त्यामुळे एखादी रॅली हातची गेली तरी अजिंक्यपद मिळू शकते. एकही हातची जाऊ न देणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

हे किती अवघड आहे हे समजायला या सहा ठिकाणच्या रस्त्यांकडे पाहावे लागते. क्रिकेटचे मैदान कोठेही गेले तरी मैदानच असते. रॅलीला मैदान नाही. जो रस्ता एरवी शेतकऱ्याचा, लाकूडतोड्याचा, मळ्यातल्या ट्रॅक्टरचा असतो, तोच त्या दिवसापुरता शर्यतीचा होतो. न्यूझीलंडमध्ये व्हांगारेच्या आसपासचे खडीचे रस्ते लाटेसारखे एका वळणातून दुसऱ्या वळणात घेऊन जातात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या सनशाइन कोस्टमागची जंगले. मलेशियात जोहोर भागातले तेल-ताडाचे मळे, जेथे एक सर आली की लाल मातीचा गारा होतो. जपानमध्ये होक्काइडो बेटावर ओबिहिरो शहराभोवतीच्या अरुंद जंगलवाटा, ज्यांवर मागच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत चाक अडकते. आणि शेवटी आपल्या कर्नाटकातले चिक्कमगळूरचे कॉफीचे मळे.

गाडी होती श्कोडा फाबिया आर-५. नाव आणि चेहरा घरगुती गाडीचा, आत सगळे वेगळे. १६०० सीसीचे टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, पाच गिअर आणि कमीत कमी १२३० किलो वजन. संघ होता चेन्नईच्या एमआरएफ टायर कंपनीचा. या कंपनीची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये रबरी फुगे बनवण्यापासून झाली होती. गाडीची देखभाल ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराची रेस टॉर्क ही कंपनी करत होती. जोडीदार संघचालक होता जर्मनीचा विशीतला फॅबियन क्राइम. आणि गिल यांच्या शेजारच्या सीटवर होते ऑस्ट्रेलियाचे ग्लेन मॅकनील. २०१३ च्या अजिंक्यपदातही तेच सोबत होते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्यांचे नाव फार कमी आले. पण रॅली समजून घ्यायची असेल तर शेजारच्या त्या सीटकडेच आधी पाहायला हवे.

वेगाआधी सावकाशपणा

रॅली सुरू होण्याआधी एक-दोन दिवस चालक आणि सहचालक साध्या गाडीत बसून सगळा मार्ग पाहून येतात. याला रेकी म्हणतात. प्रत्येक टप्पा साधारणपणे दोनदाच पाहायला मिळतो. त्या वेळी रस्ता सर्वांसाठी खुला असतो, त्यामुळे वेगाची मर्यादा असते आणि कोण ती मोडतो यावर आयोजकांची नजर असते. मोडली की दंड.

पहिल्या फेरीत चालक रस्ता पाहून बोलतो आणि सहचालक लिहितो. कोणते वळण किती तीव्र, पुढचे किती मीटरवर, कोठे चढ आहे ज्याच्या पलीकडचे दिसत नाही, कोठे आतल्या बाजूला दगड आहे. दुसऱ्या फेरीत सहचालक वाचतो, चालक तपासतो आणि दुरुस्त्या होतात. वळणांना अंक असतात. एका नेहमीच्या पद्धतीत १ म्हणजे जवळपास थांबून घ्यायचे वळण आणि ६ म्हणजे जवळपास सरळ. त्यामुळे वहीत मजकूर काहीसा असा दिसतो: "उजवे ४, ८० मीटर, चढावरून, डावे ३, आतून कापू नको." धोक्याच्या जागेवर उद्गारचिन्ह. जास्त धोका असेल तर दोन. त्याहून जास्त असेल तर तीन.

आम्ही व्याकरण शिकवताना मुलांना उद्गारचिन्हे जपून वापरायला सांगतो. ही वही पाहिली की त्याचे कारण वेगळे समजावावे लागत नाही. प्रत्येक वळणावर तीन चिन्हे टाकणाऱ्या सहचालकाचे कोण ऐकणार? आणि खऱ्या खड्ड्यापाशी एकही न टाकणाऱ्याबरोबर कोण बसणार?

शर्यतीच्या दिवशी तीच वही वाचली जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. समोरचे वळण दिसल्यावर विचार करायला वेळच नसतो. म्हणून सहचालक एक-दोन वळणे पुढचे वाचतो. फार आधी वाचले तर चालकाच्या लक्षात राहत नाही, फार उशिरा वाचले तर उपयोग नाही. गाडी खडखडत, उडत, घसरत असते. सहचालकाची मान वहीत खाली घातलेली असते. रस्ता तो जवळजवळ पाहतच नाही. रस्ता त्याला अंगाच्या हेलकाव्यांवरून कळतो. एक ओळ चुकली, एक पान दोनदा उलटले गेले, तर दोघांचाही जीव धोक्यात. आणि चालकाने काय करायचे? ऐकायचे. चढापलीकडे काय आहे ते डोळ्यांना दिसत नसताना, कानांवर विश्वास ठेवून पाय दाबायचा. सहा देशांत, शेकडो किलोमीटर, हजारो वळणांवर गिल यांनी तेच केले.

आपल्या देशातही असे सहचालक आहेत. केरळमधल्या कासरगोड भागातले मूसा शरीफ हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद त्यांनी सहचालक म्हणून अनेकदा मिळवले आहे आणि देशातल्या रॅलींत गिल यांच्या शेजारीही ते बसले आहेत. रॅलीत चालक आणि सहचालक दोघांनाही अजिंक्यपद मिळते, हे त्या खेळाचे आम्हाला आवडलेले मोठेपण आहे.

अर्धा तास आणि बंद आवार

रॅली दोन-तीन दिवस चालते. तिच्यात दोन प्रकारचे रस्ते असतात. एक, शर्यतीचे टप्पे. येथे रस्ता पूर्ण बंद केलेला असतो आणि गाड्या एकामागून एक, मध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवून सोडल्या जातात. कोणी कोणाला मागे टाकायचे नसते, घड्याळाशी शर्यत असते. दोन, एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंतचे जोडरस्ते. येथे नेहमीची वाहतूक चालू असते आणि अजिंक्यवीरालाही बैलगाडीमागे, एसटीमागे मुकाट्याने थांबावे लागते. सिग्नल पाळावा लागतो. वाहतुकीचा नियम मोडला तर पोलिसांचा दंड वेगळा आणि रॅलीचा वेगळा. सुरुवातीला सांगितलेला लवकर पोहोचण्याचा दंड याच रस्त्यांसाठी आहे. जोडरस्त्यावर वेळ वाचवून काहीच मिळू नये, उलट नुकसान व्हावे, अशीच रचना केली आहे.

मग दुरुस्ती. दुपारी साधारण अर्धा तास, संध्याकाळी पाऊण तास, एवढाच वेळ मेकॅनिकांना मिळतो. त्यात चाके बदलायची, खालची पत्रे तपासायची, वाकलेले सरळ करायचे, गरज पडली तर गिअरबॉक्ससुद्धा काढून दुसरा बसवायचा. वेळ संपली की गाडी जशी असेल तशी बाहेर. एक मिनिट जास्त घेतले तर पुन्हा तेच दहा सेकंद. रात्री सगळ्या गाड्या एका बंद आवारात उभ्या राहतात आणि कोणालाही त्यांना हात लावायची परवानगी नसते. टप्प्यावर मध्येच काही मोडले तर फक्त चालक आणि सहचालक यांनी, गाडीत असलेल्या हत्यारांनी, ते दुरुस्त करायचे. त्यामुळे चांगला रॅलीचालक हा अर्धा मेकॅनिकही असतो. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलाला हे जरूर सांगावे.

थांबणे हाही नियम

या खेळाचा आणखी एक नियम आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. प्रत्येक गाडीत एक मोठा फलक असतो. त्याच्या एका बाजूला हिरव्या अक्षरांत 'ओके', दुसऱ्या बाजूला लाल रंगात 'एसओएस'. गाडी उलटली किंवा बंद पडली आणि दोघेही सुखरूप असतील तर ते मागच्या गाड्यांना 'ओके' दाखवतात. मागे काही अंतरावर धोक्याचा लाल त्रिकोण ठेवतात. पण लाल फलक दिसला, किंवा जखमी माणसे दिसली आणि कोणताच फलक दिसला नाही, तर मागून येणाऱ्या गाडीने थांबलेच पाहिजे. मग ती पहिल्या क्रमांकावर का असेना. न थांबता गेलेल्याची तक्रार पंचांकडे जाते. आणि जो थांबला, त्याला त्या टप्प्यासाठी न्याय्य वेळ ठरवून दिली जाते, म्हणजे मदत केल्यामुळे त्याचे नुकसान होत नाही.

आपल्या महामार्गांवर अपघात झाला की माणसे मोबाईल काढून उभी राहतात, किंवा पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे निघून जातात. जेथे एकेका सेकंदासाठी माणसे वर्षभर राबतात, तेथेही जखमी माणसापाशी घड्याळ थांबवले जाते. यावर मुलांशी बोलायला वेगळा धडा लागत नाही.

कॉफीच्या मळ्यांत शेवट

२०१६ च्या मोसमाची सहावी आणि शेवटची रॅली चिक्कमगळूरला झाली. नाव होते कॉफी डे इंडिया रॅली. या भागाची ओळख आपल्या वाचकांना वेगळीही असेल. परंपरा अशी सांगते की, सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुडन हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे घेऊन आले आणि ते या डोंगरांत रुजवले. त्यांच्याच नावाने बाबा बुडनगिरी ओळखली जाते. आज तेथे डोंगराच्या उतारांवर सावलीच्या झाडांखाली मैलोन् मैल कॉफी पसरली आहे. मळ्यांतून जाणाऱ्या मातीच्या वाटा अरुंद, वळणावळणाच्या. दोन्ही बाजूंना झाडे, कडेला चर. चूक झाली तर सावरायला बाजूला जागा नाही.

तेथे आपल्या माणसांसमोर गिल यांनी सहावी रॅली जिंकली. पुढच्या वर्षी, २०१७ साली, त्यांनी मालिकेचे तिसरे अजिंक्यपद मिळवले. २०१९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. मोटार खेळातल्या माणसाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. महाराष्ट्रही या खेळापासून दूर नाही. पुण्याचे संजय टकले यांनी याच आशिया-पॅसिफिक मालिकेतल्या रॅलींत भाग घेतला आहे आणि नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्या झाल्या आहेत.

रस्ता बंद का करतात

येथवर वाचून कोणाला वाटेल की, एवढे नियम असलेला खेळ म्हणजे अगदी बिनधोक असेल. तसे नाही. पण धोका कोठून येतो ते नीट पाहिले पाहिजे.

न्यूझीलंडचे पॉसम बोर्न यांनी १९९३, १९९४ आणि २००० साली आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद जिंकले होते. त्यांच्याइतके खडीच्या रस्त्यांचे ज्ञान फार थोड्यांना असेल. एप्रिल २००३ मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाला, पण तो शर्यतीत नव्हे. डोंगर चढण्याच्या एका स्पर्धेआधी ते मार्ग पाहायला गेले होते. रस्ता बंद नव्हता. समोरून दुसरी गाडी आली आणि टक्कर झाली. इतक्या वर्षांचा अनुभव, इतके कौशल्य, पण समोरून कोणी येणार नाही याची खात्री त्या दिवशी नव्हती.

दुसरी घटना आपल्याच देशातली. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात, बाडमेर जिल्ह्यातल्या समदडी भागात, राष्ट्रीय मालिकेची फेरी चालू होती. गिल गाडी चालवत होते, शेजारी मूसा शरीफ होते. शर्यतीच्या मार्गावर एक मोटारसायकल आली. तिच्यावर पती, पत्नी आणि त्यांचा मुलगा होते. टक्कर झाली आणि तिघेही जागीच गेले. गिल आणि शरीफ यांनाही दुखापत झाली. रॅली रद्द करण्यात आली. अर्जुन पुरस्कार जाहीर झालेल्या वर्षातलीच ही घटना. दोष कोणाचा हे ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. पण एक संपूर्ण घर उजाडले, हे कोणत्याही निकालाने बदलत नाही.

म्हणूनच रॅलीत पहिली स्पर्धक गाडी सुटण्याआधी तीन-तीन शून्यांचे, दोन शून्यांचे आणि एका शून्याचे क्रमांक लावलेल्या गाड्या मार्ग तपासत जातात. वाटेवर ठिकठिकाणी स्वयंसेवक उभे असतात, त्यांच्याकडे वायरलेस असतो. प्रत्येक पाऊलवाट, प्रत्येक शेताची वाट अडवायची असते. गावात आधी दवंडी द्यायची असते, पत्रके वाटायची असतात. अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका हजर नसेल तर टप्पा सुरू करता येत नाही. गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, अंगावर आगीला दाद न देणारे कपडे, डोक्यावर हेल्मेट आणि मान जागच्या जागी धरून ठेवणारे साधन. एवढे सगळे असूनही एक वाट उघडी राहिली तर काय होते, ते समदडीने दाखवले.

आता आपल्या गल्लीतला तो पंधरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. भाईजानची मोटारसायकल घेऊन तो रात्री बायपासवर जातो आणि दोस्त व्हिडिओ काढतात. त्याच्या रस्त्यावर कोण आहे? दूध घेऊन येणारा, रात्रपाळीहून परतणारी नर्स, पाणी भरायला निघालेली बाई, बाजूच्या वाटेवरून अचानक येणारी एखादी सायकल. त्याच्याआधी शून्य क्रमांकाची गाडी गेलेली नाही. त्याच्या मागे रुग्णवाहिका नाही. शेजारी बसून "पुढे डावे ३, सावध" असे सांगणारे कोणी नाही. रॅलीचालक जो धोका अनेक माणसांची मदत घेऊन, दिवसेंदिवस तयारी करून पत्करतो, तोच हा मुलगा हेल्मेटशिवाय पत्करतो. आणि एकट्याच्या जिवावर नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जिवावर.

घरात काय बोलावे

कायद्याची बाजू प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा तर वेगळाच गुन्हा आहे. "लाडाने दिली" ही सबब पोलीस ठाण्यात चालत नाही.

पण नुसती भीती घालून मुले ऐकत नाहीत, हे आम्ही शिक्षकांनी पुरते अनुभवले आहे. ज्या मुलाला गाड्यांचे खरोखर वेड आहे, त्याला त्या वेडाचा सरळ रस्ता दाखवावा लागतो. भारतात या खेळाचा कारभार चेन्नईच्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. स्पर्धेत उतरायचे तर तिचा परवाना लागतो आणि रॅली चालवायची तर आधी सरकारी वाहन परवाना हवाच. हा खेळ महाग आहे, तेही मुलाला स्पष्ट सांगावे. पण रॅली म्हणजे फक्त स्टिअरिंग नव्हे. तिला मेकॅनिक लागतात, टायरचे जाणकार लागतात, वेळ मोजणारे, नकाशे करणारे, रस्त्यावर उभे राहणारे स्वयंसेवक, डॉक्टर, वायरलेस चालवणारे लागतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी हे दरवाजे उघडे आहेत. गणित आणि वाचन पक्के असणाऱ्या मुलीला सहचालकाची वही आवडणार नाही, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

आम्ही शाळेत एक छोटा खेळ घेतो. तो घरीही घेता येतो. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा. दुसऱ्याने आधी मैदानातला मार्ग पाहून कागदावर खुणा लिहायच्या: दहा पावले सरळ, उजवीकडे, पायरी, सावध. मग वाचून दाखवत पहिल्याला न्यायचे. पहिल्यांदा सगळेच धडपडतात. सांगणारा भरभर बोलतो, ऐकणारा स्वतःच्याच अंदाजाने पाय टाकतो. चौथ्या-पाचव्या वेळी सांगणारा नेमके आणि वेळेवर सांगू लागतो, ऐकणारा थांबून ऐकू लागतो. मग जोड्या बदलायच्या. जो मुलगा कोणाचेच ऐकत नाही म्हणून तक्रार असते, तो रुमाल बांधल्यावर फार लक्ष देऊन ऐकतो, असा आमचा अनुभव आहे.

आणि पुढच्या वेळी तुमचा मुलगा रॅलीचा व्हिडिओ लावेल, तेव्हा त्याला फक्त तीन गोष्टी विचारा. गाडीत जो एकसारखा बोलतोय, तो काय वाचतोय? हा रस्ता कोणी बंद केला? आणि ही गाडी आता टप्पा संपवून पुढच्या गावाकडे निघेल, तेव्हा ती किती वेगाने जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला बहुधा येणार नाही. ते तुम्ही सांगा: आपल्या रिक्षाच्या मागे, सिग्नलला थांबत, ठरलेल्या मिनिटाला पोहोचेल अशा बेताने.